दप्तर आपले, किल्लीही आपली: गावच्या वाचनालयाचा संगणक सुरक्षित आणि मुक्त कसा करावा

पारोळा तालुक्यातील आमच्या गावाच्या सार्वजनिक वाचनालयात पुस्तकांची दाखल नोंदवही २००४ पासून संगणकावरही ठेवली जात होती. ती मराठी टंकलेखनाच्या एका विकतच्या पॅकेजमध्ये केलेली होती आणि ते पॅकेज संगणकाच्या मागच्या बाजूला लावलेल्या डोंगलशिवाय, म्हणजे किल्लीसारख्या छोट्या उपकरणाशिवाय, सुरू होत नसे. काही वर्षांनी संगणक बदलला, तेव्हा नव्या यंत्राला तो डोंगल लावायची जागाच नव्हती. फाइल उघडली खरी, पण पडद्यावर मराठी अक्षरांऐवजी रोमन अक्षरे, टक्क्याची चिन्हे आणि कंस यांच्या ओळीच्या ओळी दिसल्या. एक अक्षरही पुसले गेलेले नव्हते आणि एकही शब्द वाचता येत नव्हता.

आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर धुळे आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी वाड्यावाड्यांतून, माळ्यांवरून दप्तरे गोळा केली, १९२६ साली त्यांचे निधनही धुळ्यातच झाले, आणि त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळात ती जुनी कागदपत्रे जपलेली आहेत. मोडी शिकलेला कोणीही माणूस आज तेथे जाऊन दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचा कागद वाचू शकतो, कारण मोडीचे वळण कोणा एका दुकानदाराच्या मालकीचे नव्हते. आमची वीस वर्षांपूर्वीची नोंदवही मात्र आम्हालाच वाचता येईना. ती परत वाचती करताना आम्ही जे शिकलो, ते येथे क्रमाने मांडतो आहे. हा क्रम वाचनालयासाठी लिहिला असला, तरी विविध कार्यकारी सोसायटी, शाळेचे कार्यालय, कृषी सेवा केंद्र किंवा घरचा संगणक यांनाही तो तसाच लागू पडतो.

सुरुवातीला एक गोष्ट स्पष्ट करतो. संगणकाची सुरक्षितता आणि खुली मानके हे दोन वेगळे विषय आहेत असे मानण्याची पद्धत आहे, पण माझ्या मते तो एकच विषय आहे. आपले दप्तर परक्याला उघडता येऊ नये आणि आपल्याला मात्र केव्हाही उघडता यावे, या एकाच मागणीच्या त्या दोन बाजू आहेत.

पहिली पायरी: वहीत नोंद

कोणतेही नवे सॉफ्टवेअर घेण्याआधी एक दुपार मोकळी ठेवावी आणि साधी वही घेऊन बसावे. संगणकात कोणत्या फाइली आहेत, त्या कशात तयार केल्या आहेत, कोणता फाँट वापरला आहे, कोणती खाती उघडलेली आहेत, त्यांचे पासवर्ड कोणाला माहीत आहेत आणि खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक कोणाचा आहे, हे सर्व लिहून काढावे. या शेवटच्या प्रश्नाने आम्हाला मोठाच धक्का दिला, कारण वाचनालयाच्या ईमेलला जोडलेला क्रमांक गाव सोडून सुरतेला गेलेल्या एका माजी कर्मचाऱ्याचा निघाला. अशा स्थितीत खात्याची खरी किल्ली त्याच्याकडे असते. तो माणूस प्रामाणिक असला तरी त्याने सोडून दिलेला क्रमांक पुढे दुसऱ्याला मिळू शकतो.

ही नोंद करताना आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी, म्हणजे गावाच्या आबांनी, अहिराणीत विचारले, “आमनाकडे चोराले शे तरी काय?” म्हणजे आमच्याकडे चोरायला आहे तरी काय? हा प्रश्न खान्देशात जवळपास प्रत्येक ठिकाणी ऐकू येतो आणि तो मनापासून विचारलेला असतो. त्याचे उत्तर वर्गणीदारांच्या यादीत आहे. त्या यादीत नाव, गाव, मोबाइल क्रमांक आणि वय असते. फसवणूक करणाऱ्याला एवढेच हवे असते, कारण “नाना, तुम्ही अमुक गावचे ना?” अशी सुरुवात झाली की समोरच्याचा विश्वास निम्मा बसलेलाच असतो. आपल्या तिजोरीत पैसे नसतील, पण चारशे लोकांच्या दाराचा पत्ता आपल्या कपाटात असतो.

दुसरी पायरी: आधी प्रत, मग बाकी सारे

फाइलींना हात लावण्यापूर्वी त्यांच्या प्रती काढाव्यात. जुना आणि कसोटीला उतरलेला नियम असा, की एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक इमारतीबाहेर असावी. आम्ही संगणकातील मूळ प्रत, कपाटातील बाहेरची हार्ड डिस्क आणि अध्यक्षांच्या घरी ठेवलेला पेनड्राइव्ह अशी रचना केली.

प्रत काढून झाली की डिस्कची वायर काढून ठेवावी. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचे खंडणीखोर सॉफ्टवेअर जगभर पसरले. असे सॉफ्टवेअर संगणकातील फाइली कुलूपबंद करून पैसे मागते, आणि त्या वेळी जोडलेली डिस्कही त्याच्या तावडीत सापडू शकते. वॉनाक्राय ज्या फटीतून शिरले, ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. ती न घेतलेली यंत्रेच त्यात सापडली. म्हणून “अँटिव्हायरस टाकला आहे, आता काळजी नाही” या समजुतीवर विसंबू नये. वेळच्या वेळी घेतलेले अपडेट आणि वायर काढून ठेवलेली प्रत, या दोन सवयी मी त्याहून वरच्या मानतो.

आणखी एक काम बहुतेक लोक करत नाहीत. प्रत काढल्यावर ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडून पाहिलेली प्रत आहे असे धरूच नये.

तिसरी पायरी: जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये

येथे सर्वांत जास्त वेळ लागतो, म्हणून त्यामागची गोष्ट नीट समजून घेणे इष्ट आहे. जुन्या मराठी फाँटमध्ये संगणकाला मराठी येतच नव्हते. संगणक रोमन अक्षरेच साठवत असे आणि फाँट त्या अक्षराच्या जागी ‘क’ चे किंवा वेलांटीचे चित्र दाखवत असे. कोणत्या रोमन अक्षराच्या जागी कोणते चित्र ठेवायचे, हे प्रत्येक कंपनीने आपल्यापुरते ठरवले, त्यामुळे एका फाँटची फाइल दुसऱ्या फाँटमध्ये निरर्थक ठरते. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली आणि तिच्यात देवनागरीचा समावेश होता. त्यात प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक दिलेला आहे. ‘क’ चा क्रमांक २३२५ आहे, मग संगणक कोणत्याही कंपनीचा असो आणि फाँट कोणताही असो. फाँट बदलला तर अक्षराचे रूप बदलते, अक्षर तेच राहते. म्हणूनच युनिकोडमधला मजकूर शोधता येतो, अकारविल्हे लावता येतो आणि मोबाइलवरही वाचता येतो.

रूपांतर असे करावे. मूळ फाइल बाजूला ठेवून तिच्या प्रतीवरच काम करावे. ती प्रत उघडून अक्षरांवर कर्सर नेला की फाँटचे नाव वरच्या पट्टीत दिसते, ते वहीत तंतोतंत लिहून घ्यावे. त्यानंतर त्याच फाँटसाठी बनवलेला परिवर्तक, म्हणजे जुनी अक्षरे युनिकोडमध्ये बदलून देणारा प्रोग्रॅम, मिळवावा, कारण एका फाँटचा परिवर्तक दुसऱ्याला चालत नाही. येथे सुरक्षिततेचा एक मुद्दा हमखास विसरला जातो. इंटरनेटवरील अनोळखी परिवर्तकाच्या पानावर सभासदांची यादी चिकटवली, तर ती यादी आपण परक्याच्या हाती दिलेली असू शकते. यांपैकी पुष्कळ परिवर्तक साध्या वेबपानाच्या स्वरूपात असतात. ते पान संगणकावर जतन करावे, इंटरनेट बंद करावे आणि मग ते चालते का हे पाहावे. चालले तर रूपांतर आपल्याच यंत्रात होते आहे, अशी खात्री बाळगता येते. चालले नाही तर पुस्तकांची नावे त्यात खुशाल घालावीत, माणसांची घालू नयेत.

पहिल्या दहा पानांचे रूपांतर झाले की मूळ छापील नोंदवही शेजारी घेऊन ती अक्षरशः तपासावीत. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकली जात असे, तर युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते, म्हणून परिवर्तकाला अक्षरांचा क्रमच उलटा करावा लागतो आणि जोडाक्षर आले की तो तेथे चुकतो. रफाराचेही तसेच आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरामधल्या खोल जागा, हा भेद टिकला आहे का हे मुद्दाम पाहावे. ‘वऱ्हाड’, ‘तऱ्हा’, ‘ज्ञानेश्वरी’, ‘क्षत्रिय’, ‘शृंगार’ असे शब्द शोधून तपासावेत. सर्वांत जास्त सावधगिरी आकड्यांबाबत बाळगावी. मूळ फाइलीत काही आकडे मराठी फाँटमध्ये आणि काही इंग्रजी फाँटमध्ये असतात आणि परिवर्तक दोन्ही एकाच नियमाने फिरवतो, त्यामुळे दाखल क्रमांक आणि किंमती बिघडतात. चुकलेला शब्द वाचणाऱ्याच्या लक्षात येतो, पण चुकलेला आकडा खरा समजून पुढे चालतो. आमच्या गावातील दहावीच्या मुलींनी उन्हाळ्याच्या सुटीत, ऊन चढण्याआधी सकाळी दोन तास बसून हे तपासणीचे काम केले आणि तिसऱ्या आठवड्यात ते पूर्ण झाले.

पुढील टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट कळफलक शिकून घ्यावा, असे मी आग्रहाने सुचवतो. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने मुख्यतः उजव्या हाताला येतात. तो भारतीय लिपींसाठी समान असल्यामुळे विंडोज, लिनक्स (संगणक चालवणारी विंडोजसारखीच, पण मुक्त प्रणाली) आणि मोबाइल या तिन्ही ठिकाणी मिळतो. उच्चारानुसार रोमन अक्षरांतून टंकण्याची सवय असलेल्यांनी तीच चालू ठेवली तरी बिघडत नाही, कारण साठवला जाणारा मजकूर दोन्हीकडे एकच असतो. फाँटसाठी लोहित, नोटो किंवा मुक्ता यांपैकी कोणताही घ्यावा. तिन्ही मुक्त परवान्याचे आहेत.

चौथी पायरी: फाइल कोणत्या स्वरूपात ठेवावी

मजकूर युनिकोडमध्ये आला तरी तो ज्या फाइलीत ठेवायचा, तिचे स्वरूपही खुले हवे. त्यासाठी ओपन डॉक्युमेंट हे मानक आहे. २००६ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानक म्हणून आयएसओची मान्यता मिळाली. मजकुराच्या फाइलीला ओडीटी आणि तक्त्याच्या फाइलीला ओडीएस असे शेपूट लागते. याचा खुलेपणा स्वतः पाहण्याची एक सोपी रीत आहे. एखाद्या ओडीटी फाइलीची प्रत काढावी, तिच्या नावातील ओडीटी हे शेपूट बदलून झिप असे करावे आणि ती उघडावी. आत साध्या अक्षरांतल्या फाइली दिसतील आणि कंटेंट नावाच्या फाइलीत आपला मराठी मजकूर वाचता येईल. उद्या सर्व कंपन्या बंद पडल्या तरी एखादा जाणकार विद्यार्थी त्यातून आपली नोंदवही बाहेर काढू शकेल.

दाखल नोंदवहीसारख्या याद्यांची एक प्रत सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या, स्वरूपात ठेवावी. ती ठेवताना यूटीएफ-८ हा युनिकोड साठवण्याचा पर्याय निवडावा, नाहीतर मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हे होतात. ठराव, लेखापरीक्षण अहवाल अशी न बदलणारी कागदपत्रे पीडीएफ/ए या स्वरूपात ठेवावीत, कारण दीर्घकाळ जतनासाठी बनवलेल्या या प्रकारात फाँट फाइलीच्या आतच साठवला जातो. भारत सरकारने २०१० मध्येच ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले आहे. त्यामुळे एखाद्या कार्यालयाने विशिष्ट जुन्या फाँटमध्येच अर्ज मागितला, तर युनिकोडमध्ये स्वीकारावा अशी लेखी विनंती करण्यात संकोच बाळगू नये.

पाचवी पायरी: मुक्त सॉफ्टवेअर बसवणे

‘फुकटचे ते कमअस्सल’ हे मत आमच्या संचालकांच्या बैठकीतही मांडले गेले. मुक्त आणि फुकट यांत फरक आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला. त्यांच्या विचारानुसार मुक्त सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला ते हव्या त्या कामासाठी चालवण्याची, आतून अभ्यासण्याची, इतरांना देण्याची आणि सुधारून वाटण्याची मोकळीक असते. पैसे लागत नाहीत हा त्यातला दुय्यम भाग आहे. याउलट गावोगावी संगणकांवर जी चोरीची विंडोज टाकलेली असते, ती फुकट असते पण मुक्त नसते. ती सक्रिय करण्यासाठी वापरलेल्या छोट्या प्रोग्रॅमबरोबर काय काय आत आले, हे ती टाकून देणाऱ्यालाही सांगता येत नाही. माझ्या मते खेड्यातील संगणकांचा सर्वांत मोठा धोका हाच आहे.

बदल एका दिवसात करू नये. आधी चालू विंडोजवरच लिब्रेऑफिस (मजकूर आणि तक्ते यांसाठी) आणि फायरफॉक्स (इंटरनेट पाहण्यासाठी) बसवावेत आणि एक-दोन महिने सर्वांचे हात त्यावर बसू द्यावेत. लिब्रेऑफिस २०१० मध्ये ओपनऑफिसपासून वेगळे झाले आणि त्याच्या सूचना मराठीतही मिळतात. त्यानंतर लिनक्सचा विचार करावा. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागत असल्याने अनेक जुने पण धडधाकट संगणक त्यावर नेता येत नाहीत. अशा यंत्रांना लिनक्सचा मिंट हा प्रकार चांगला चालतो. त्याला किमान २ जीबी रॅम लागते, ४ जीबी असल्यास काम सुखाचे होते, आणि त्याची २२ वी आवृत्ती २०२९ पर्यंत अपडेट मिळवत राहणार आहे.

मिंटची फाइल अधिकृत संकेतस्थळावरून उतरवावी आणि तिची बेरीज ताडून पाहावी. शा-२५६ या पद्धतीने फाइलीचा एक लांब अंक निघतो. संकेतस्थळावर छापलेला अंक आणि आपण काढलेला अंक जुळला, तर फाइल अखंड आहे. हा सोपस्कार वाटेल, पण फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटच्याच संकेतस्थळावर घुसखोरी होऊन खऱ्या फाइलीच्या जागी चोरवाट असलेली फाइल ठेवली गेली होती. संकेतस्थळच बळकावले गेले तर तेथला छापील अंकही बदलता येतो, म्हणून अंकासोबत दिलेली डिजिटल सहीसुद्धा जाणकाराकडून तपासून घ्यावी. त्यानंतर रूफससारख्या साधनाने पेनड्राइव्ह तयार करून संगणक त्यावरून सुरू करावा. मिंट डिस्कवर न बसवताही असे चालवून पाहता येते. त्या अवस्थेत प्रिंटर, वाय-फाय, ध्वनी आणि मराठी कळफलक तपासून घ्यावेत. सर्व ठीक असेल तरच ते कायमचे बसवावे, आणि ते काम यूपीएस असल्याशिवाय करू नये, कारण मधेच वीज गेली तर अर्धवट झालेले काम निस्तरायला दिवस जातो.

एका बाबतीत आग्रह सोडावा. टॅली, डिजिटल सहीचा टोकन, आधारसाठीचे अंगठ्याचे यंत्र यांवर ज्यांचे रोजचे काम चालते, त्यांनी त्या कामासाठी एक परवानाधारक विंडोज संगणक वेगळा ठेवावा. मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार व्हावा असे मला मनापासून वाटते, पण त्यापायी कोणाचा अर्ज शेवटच्या तारखेला अडकू नये.

मुक्त सॉफ्टवेअर आपोआप सुरक्षित होते, हेही खरे नाही. २०१४ मध्ये उघड झालेला हार्टब्लीड हा दोष ओपनएसएसएल या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या खुल्या संचात दोन वर्षे कोणाच्या लक्षात आला नव्हता. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या छोट्या साधनात कोणीतरी मुद्दाम ठेवलेली चोरवाट सापडली. संगणकात दुरून प्रवेश करायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतो, असा प्रश्न आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला पडला आणि त्याने मुळापर्यंत शोध घेतला. आतील रचना उघडी होती म्हणूनच त्याला तो घेता आला. खुलेपणाने दोष टळत नाही, तो शोधण्याची सोय मात्र होते. त्याचा फायदा आपल्याला अपडेट घेतले तरच मिळतो.

सहावी पायरी: पासवर्ड आणि मोबाइल

लांब पासवर्ड हा आखूड पण चिन्हांनी भरलेल्या पासवर्डपेक्षा चांगला. आम्ही यासाठी लहानसा खेळ केला. मुलांनी वहीत २१६ अहिराणी आणि मराठी शब्द क्रमांकाने लिहिले. तीन फासे एकामागून एक टाकले की २१६ पैकी एक शब्द निश्चित होतो. असे सहा वेळा करून मिळालेले सहा शब्द रोमन अक्षरांत सलग टंकावेत. त्यांच्या शक्य जुळण्या सुमारे शंभर लाख कोटी होतात. शब्द फाशांनीच निवडावेत. मनाने निवडले की माणूस कुलदैवत, गाव आणि मुलीचे नाव यांकडेच वळतो. अभंगाची ओळही घेऊ नये, कारण ती सर्वांना पाठ असते. हा एक पासवर्ड कीपासएक्ससी या मुक्त साधनाच्या तिजोरीला लावावा आणि बाकीच्या खात्यांचे पासवर्ड त्यालाच तयार करून आत ठेवू द्यावेत. प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड हवा, हे सांगण्याचे कारण असे, की एका ठिकाणी फुटलेला पासवर्ड चोर लगेच इतर सर्व ठिकाणी लावून पाहतात.

ईमेलला दुहेरी पडताळणी लावावी, आणि शक्य तेथे एसएमएसऐवजी दर तीस सेकंदांनी अंक बदलणारे ॲप वापरावे, कारण सिमकार्डची नक्कल काढून एसएमएस पळवता येतो. त्यासोबत मिळणारे आपत्कालीन संकेतांक कागदावर लिहून कपाटात ठेवावेत.

मोबाइलबाबत थोडक्यात सांगतो. अनुदान, पीक विमा, वाहनाचा दंड किंवा लग्नपत्रिका अशा नावाने आलेली एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी, फाइल ओळखीच्या माणसाकडून आली असली तरी उघडू नये, कारण त्याचाच फोन बळकावलेला असू शकतो. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. वेबपत्त्यावरील कुलपाचे चिन्ह फक्त वाट झाकलेली असल्याचे सांगते, त्या टोकाला बसलेला माणूस कोण आहे ते सांगत नाही. म्हणून पत्त्याचा शेवट पाहावा. सरकारी पत्ता सहसा जीओव्ही डॉट इन असा संपतो, आणि रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार बँकांचे पत्ते आता बँक डॉट इन या शेवटाकडे गेले आहेत. पैसे गेलेच तर लाजेने वेळ घालवू नये आणि ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. रक्कम दुसऱ्या खात्यातून काढली जाण्याआधी कळवले, तर ती रोखता येण्याची शक्यता असते.

देखभाल

पदाधिकारी बदलले की किल्ल्या बदलतात, हे कपाटाबाबत सर्वांना मान्य आहे. संगणकाबाबतही तसाच ठराव करून घ्यावा. आमच्याकडे तिजोरीचा पासवर्ड लाखेने बंद केलेल्या पाकिटात अध्यक्षांकडे असतो आणि चिटणीस बदलला की त्याच बैठकीत नवा पासवर्ड फाशांनी काढून नवे पाकीट बंद केले जाते.

तपासणीसाठी आम्ही आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि दिवाळी हे दोन सण ठरवले आहेत, कारण त्या वेळी बाहेरगावी शिकणारी मुले आणि माहेरी आलेल्या लेकी गावात असतात आणि हाताशी जाणकार माणसे मिळतात. त्या दिवशी अध्यक्षांच्या घरचा पेनड्राइव्ह आणला जातो, वाचनालयाबाहेरच्या एखाद्या संगणकाला लावला जातो आणि डोळे मिटून निवडलेली एक फाइल उघडली जाते. ती उघडली, तिच्यातला दाखल क्रमांक छापील नोंदवहीशी जुळला, की वहीत तारीख, फाइलीचे नाव आणि उघडणाऱ्याची सही अशी एक ओळ लिहिली जाते.